पंचपाळ्यातला लाल

शैला,

तुझ्या कपाळावर जे लावलं होतं ते कुंकू नव्हतं. या घरात हे एकट्या मला, तुझ्या थोरल्या जावेला, ठाऊक आहे, आणि परवा तुझा तेरावा आहे. तोवर मला एकदा तोंड उघडायचंय, नाहीतर कायमचं मिटायचंय. काय जमणार ते अजून कळत नाही, म्हणून आधी तुलाच सांगते.

वही कुणाच्या हाती लागेल ही भीती नाही. तुझी लेक ऋचा मराठी फाडफाड बोलते, पण वाचायला दिलं की दुसऱ्या ओळीला अडखळते आणि ‘काकू, तुम्हीच सांगा ना’ म्हणते. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या जेवण सोडतात. भाऊजी तुझ्या खुर्चीकडे पाठ करून बसतात आणि दिवसभर तोच पेपर वाचतात. तेव्हा लिहायला मला कुणाची अडचण नाही.

त्या सकाळचं तुला सांगायला हवं, कारण तू तिथे असूनही तुला ते माहीत नाही. तुला हॉलमध्ये ठेवलं होतं. मी भिंतीशी उभी होते. नऊ वर्षांपूर्वी तुझे थोरले दीर गेले तेव्हापासून अशा वेळी मी भिंतीशीच असते. एरवी मला कुणी काही म्हणत नाही, मी टिकलीही लावते. पण सवाष्णीची तयारी चालली की सासूबाई नुसत्या माझ्या दिशेनं मान वळवतात आणि मी दोन पावलं मागे होते. खालच्या मजल्यावरच्या सरोजाअक्का आल्या होत्या. वयानं मोठी सवाष्ण म्हणून मान त्यांचा. स्वयंपाकघरातून हळद आली. कुंकवाची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘देवापुढचं नको. तिचंच आणा. या घरची सवाष्ण स्वतःच्या करंड्यातलं कुंकू लावून जाते.’ कुणी उठायच्या आत त्यांनीच तुझी पर्स चाचपली आणि पंचपाळं बाहेर काढलं.



ते पंचपाळं त्यांनीच दिलेलं. उंबरा ओलांडल्यावर आपल्या दोघींना एकेक दिलं होतं, तळहाताएवढं, चपटं, पितळेचं, फिरकीचं झाकण आणि आत पाच वाट्या. माझं देवाच्या कपाटात पडून राहिलं. तुझ्यात गेली आठ वर्षं कुंकवाचा कणही नव्हता. एका वाटीत पिवळा रंग, एकीत काव, एकीत निळा, एकीत लाल, आणि पाचवी रिकामी, रंग मिसळायला. निळा सुकला की काळाच दिसतो, बुक्क्यासारखा. पिवळ्याला कुणीही हळद म्हणेल. रडणाऱ्या माणसांना त्यात वेगळं काय दिसणार होतं?

सरोजाअक्कांनी लाल वाटीत बोट घातलं. बोटाला काही येईना. ‘अम्मा, सूखा है. लगताच नै,’ त्या म्हणाल्या.

‘पानी का उंगली लगाव,’ सासूबाई म्हणाल्या.

अक्कांनी तांब्यात बोट बुडवलं, वाटीत फिरवलं आणि तुझ्या कपाळावर टेकवलं.

मी तोंड उघडलं होतं गं. ‘थांबा’ एवढाच शब्द लागत होता. सासूबाईंची भीती वाटली, हे एक. भिंतीशी उभ्या असलेल्या बाईनं तिथे बोलायचं नसतं, हे दुसरं. आणि तिसरं लिहायला हात धजत नाही. तो लाल फार सुंदर दिसला. कुंकू भुरभुरतं, नाकावर सांडतं. हा गोल बसला, ओला, ताजा. बाया म्हणाल्या, ‘चेहऱ्यावर काय तेज आहे बघा.’ मी जन्मभर चित्रकला शिकवलेली बाई, तो कुठला लाल हे मला नाही कळणार तर कुणाला? तो माझाच लाल होता. मी गप्प बसले आणि तुला नेलं.

तो तुझ्याकडे कसा आला ते तुला आठवत असेलच. मी पुण्याची, डिप्लोमावाली. इथे हैदराबादच्या शाळेत तीस वर्षं मुलांकडून आंबा आणि फुलदाणी काढून घेतली, आणि माझं स्वतःचं मोठं चित्र काढायचं राहून गेलं. त्यासाठी लोखंडी कपाटात जाड कागदाचे ताव होते, चांगले ब्रश होते, जलरंगांची एक पेटी होती जिला मी कुणाला हात लावू देत नसे. उत्तरेचा उजेड येणारी खोली मिळाली की सुरुवात करायची होती. गौलीगुड्याच्या घरात खोली होती, उजेड नव्हता. बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये उजेड आला तर खोली गेली. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू कधी तोंडावर म्हणाली नाहीस. तू फक्त भोळा चेहरा करून विचारायचीस, ‘ताई, अंगण किती मोठं लागतं हो?’

तुझं तळहाताएवढ्यात भागलं. अफझलगंजच्या स्टॉपवर मी तुला पहिल्यांदा चित्र काढताना पाहिलं तेव्हा तू गुडघ्यावर पंचपाळं उघडून बसली होतीस आणि शेजारच्या गाडीवरचा टोमॅटोचा ढीग काढत होतीस. मी ओरडलेच, ‘अगं, हे सासूबाईंचं!’

‘हौ ताई. नुसतंच पर्समध्ये फिरत होतं बिचारं. आता कामाला लागलं.’

‘त्यांना कळलं तर?’

‘त्या कुठं उघडून बघतात? तुम्ही नका सांगू म्हणजे झालं.’

तेव्हापासून आपण दोघी एका चोरीत आलो. तुझं हे धाडस पाहून मी हादरले होते, पण त्याहून जास्त संताप मला त्या टोमॅटोचा आला. शाळेतल्या मुलांच्या स्वस्त रंगाच्या वड्या फोडून तू वाट्या भरल्या होत्यास. ‘याला लाल म्हणतेस? हे तर सरबत आहे,’ मी म्हणाले. त्याच संध्याकाळी कपाट उघडलं. माझ्या पेटीतली लालाची ट्यूब इतकी वर्षं न वापरून दगड झाली होती. ब्लेडनं चिरली, खडा काढला, बत्त्यानं फोडला, तडकू नये म्हणून मधाचा थेंब घालून खलला आणि तुझ्या वाटीत दाबून भरला. तू बघत होतीस. ‘ताई, तुमच्या मोठ्या चित्राला कमी नाही ना पडणार?’ मी म्हणाले, ‘पडू दे.’ तुला वाटलं मी चिडले. मी चिडले नव्हते. कितीतरी वर्षांनी माझ्या नखांत रंग गेला होता.

तुझं सगळं सामान एका खणाच्या बटव्यात मावायचं. पंचपाळं, दांडा कापून पेनाच्या टोपणात बसवलेला ब्रश, होमिओपॅथीच्या बाटलीत पाणी, पुसायला जुन्या पातळाची चिंधी. आणि कागद म्हणून लग्नपत्रिका. हैदराबादच्या पत्रिका म्हणजे पुठ्ठेच. लग्न लागलं की तू पत्रिकेचे व्हिजिटिंग कार्डाएवढे तुकडे करायचीस. एकीकडे सोनेरी गणपतीचा कान, दुसरीकडे तुझं चित्र.

आणि तुझा तो नियम. फक्त वाट पाहतानाच काढायचं. बस आली, नंबर आला, दार उघडलं की ब्रश पुसायचा. राहिलं ते राहिलं. घरी नेऊन पुरं करायचं नाही. यावरून आपण किती भांडलो असू! मी म्हणायचे, अपुरं चित्र म्हणजे चित्रच नव्हे, चाळा आहे. तू म्हणायचीस, ‘बस आली की झालं चित्र. परेशान कायकू होता?’ तीन पायांची मांजर, एका कानाचा कंडक्टर, कपाशिवाय चहाची बशी. माझ्या वर्गात असतीस तर मी तुला पुन्हा पुन्हा काढायला लावलं असतं.

पण एक मी कबूल करायला हवं, आणि ते तुला जिवंतपणी कधी केलं नाही. तुझा चेहरा बघायला मला आवडायचं. दवाखान्यात माझ्या गुडघ्यासाठी तासन्‌तास बसावं लागे. मी घड्याळ बघून धुमसायची आणि तू खिडकीवरच्या पेरूच्या फोडीत रमलेली असायचीस. जीभ किंचित बाहेर, पदर पाण्यात, आजूबाजूच्या चार बायका वाकून बघतायत. कुणी म्हणे, ‘मेरी बच्ची का निकालो ना, अम्मा.’ तू लगेच काढून द्यायचीस, देऊनही टाकायचीस. दोन मिनिटांत माणूस इतका खूश होऊ शकतो हे मला बघवत नसे, खरं सांगते. मला ते जमत नव्हतं. बसमधून उतरताना तू बायकांच्या फुकट प्रवासाच्या त्या शून्य रुपयांच्या तिकिटात ओलं चित्र गुंडाळायचीस आणि म्हणायचीस, ‘बघा, आजचा दिवस फुकट नाही गेला.’ मला हसू यायचं आणि मी ते दाबायची.

आता त्या दुपारचं. तू जायच्या अठरा दिवस आधीची गोष्ट. मी तोंडानं ‘चुकले’ म्हणाले नाही, म्हणून इथे सगळं लिहिते.

सुलतान बाजारात आपण अस्तराचं कापड घेतलं, ऊन चढलं होतं, बस येईना. तू मला म्हणालीस, ‘ताई, हलू नका.’ मी हलले नाही. आठ वर्षांत तू माझं चित्र कधी काढलं नव्हतंस. का नाही, ते मी कधी विचारलं नाही, पण मला ते बोचायचं. माझे केस, चष्मा, कपाळ झालं. नाकाशी आलीस आणि बस आली. तू नियमाप्रमाणे ब्रश पुसलास आणि ते कार्ड मला बघायला दिलंस.

नाक चुकलं होतं. म्हणजे डोळ्यांपासून जिथे यायला हवं तिथून ते सरकलं होतं. बसमध्ये जागा मिळाली, माझ्या हाताला पर्समधलं पेन लागलं आणि मी ती रेघ दुरुस्त केली. नाक पुरं केलं. ओठांची कडही दाखवली. तीस वर्षांची सवय. मुलांच्या वहीत मी हे रोज केलं आहे, आणि मुलं ‘थँक्यू टीचर’ म्हणाली आहेत.

तू कार्ड परत घेतलंस. बराच वेळ बघितलंस. ‘ताई, ते माझं होतं.’

‘अगं, बिघडलेलं नीट केलं.’

‘हौ. पण माझं होतं.’

एवढंच. पुढे स्टॉप आला, आपण उतरलो, भाजी घेतली. त्यानंतर अठरा दिवस आपण बोललो नाही असं नाही. गॅसचा नंबर लाव, दूध उतू जातंय, ऋचाचा फोन आहे, एवढं रोज बोललो. पण तू माझ्यासमोर बटवा उघडला नाहीस. मी रोज ठरवायची की आज म्हणेन. मग मनात यायचं, मी मोठी, मी शिकलेली, आणि नाक तर खरंच चुकलं होतं! एकोणिसाव्या दिवशी सकाळी तू चहा अर्धा टाकून उठलीस, तिथेच कोसळलीस, आणि पुढचं सगळं लोकांना माहीत आहे.

ऋचा आल्यावर बटव्यातली कार्डं मी तिच्याबरोबर बघितली. शंभरावर असतील. मांजर, बशी, कंडक्टर सगळे आहेत. ते कार्ड नाही. कपाट बघितलं, पर्सचा अस्तराखालचा कप्पा बघितला, उशीही उचलून बघितली. तू ते फाडलंस की कुणाला दिलंस, की कुठे जपून ठेवलंस, हे मला आता कधीच कळणार नाही.

आणि आज सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. तेराव्याला सरोजाअक्कांना सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचं, साडी, बांगड्या आणि तुझं पंचपाळं वाण म्हणून द्यायचं. ‘तिनंच शेवटचं कुंकू लावलं, तिच्याच घरी जाऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘आतलं जुनं सगळं काढून टाक. चिंचेनं लख्ख घास आणि ताजं हळदकुंकू भर.’

बघ म्हणजे किती सोपं आहे. मी नळाखाली धरलं की संपलं. कुणाला कधी काही कळणार नाही. सासूबाई सून सवाष्ण गेली, कुंकू लावून गेली या समाधानात उरलेले दिवस काढतील. फक्त तुझे चार रंग मोरीतून वाहून जातील. त्या लालावर सरोजाअक्कांच्या बोटाचा खळगा पडला आहे, तोही जाईल. मी दोनदा मोरीपाशी जाऊन आले. नळ सोडला नाही.

इथवर लिहून वही मिटली होती. आज तेरावा होऊन चार दिवस झालेत. उरलेलं सांगते.

मी काय केलं ऐक, आणि हस हवं तर. माझंही पंचपाळं तसलंच आहे ना? ते देवाच्या कपाटातून काढलं, चिंचेनं घासलं, ताजं कुंकू भरलं आणि बाराव्याच्या संध्याकाळी वाणाच्या ताटात नेऊन ठेवलं. तुझं माझ्या लोखंडी कपाटात, कागदाच्या तावांमागे. चोरावर मोर म्हणतात ते हेच. आंधळ्या म्हातारीला काय कळणार, असं मी मनात म्हटलंही. तिथेच फसले.

सासूबाई ताटावरून हात फिरवत होत्या. साडी, खण, बांगड्या. पंचपाळं हातात घेतलं, उलटं केलं आणि बुडावरून अंगठा फिरवला.

‘हे तुझं आहे,’ त्या म्हणाल्या.

मी ताटातल्या बांगड्या सारख्या करत राहिले.

‘शैलाच्याला बुडाशी पोचा आहे. नवी नवी आली तेव्हा तिनं ते जिन्यावरून पाडलं होतं. दोन दिवस रडत होती, मी रागवेन म्हणून.’ आणि मग, ‘विधवेचं पंचपाळं सवाष्णीला द्यायला निघालीस? तिचं कुठंय?’

सुनेला रागवावं तसा आवाज नव्हता तो. चोर पकडल्यावर काढतात तसा होता. माझं वय एकसष्ट, आणि पकडलेल्या पोरीसारखी मी उठले. मी कपाटातून तुझं आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि खाली बसले. बसूनच सांगितलं सगळं. आठ वर्षांची चोरी, वाट्यांतले रंग, त्या सकाळचं.

‘कुंकू नव्हतं?’

‘नव्हतं.’

‘मग काय होतं?’

‘चित्राचा रंग. माझ्या पेटीतला. मीच तिला दिला होता.’

‘तू तिथं उभी होतीस.’

‘होते.’

आतून ऋचाच्या फोनवरच्या बोलण्याचा आवाज येत होता. सासूबाईंनी झाकण फिरवलं. चारही वाट्यांत एकेक बोट घालून पाहिलं, रिकाम्या पाचवीतही. मग म्हणाल्या, ‘पाणी आण.’ मी वाटी आणली. त्यांनी बोट भिजवलं, लालावर फिरवलं आणि ट्यूबलाइटखाली डोळ्याशी अगदी जवळ धरलं. किती वेळ धरलं असेल! मला वाटलं आता त्या काय वाटेल ते बोलतील, आणि बोलाव्यात असंच मला वाटत होतं.

‘लाल आहे,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘चांगला लाल आहे.’

मग त्या रडल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा. मी हात धरायला गेले तर त्यांनी झिडकारला.

‘मला सांगितलं असतंस तर मी थांबले असते. तिचा रंग लावला असता, वर माझं कुंकूही लावलं असतं. दोन्ही लावलं असतं. माझी सून होती ती.’ पदरानं बोट पुसत त्या म्हणाल्या, ‘तुझं हे नेहमीचंच आहे. बोलायचं तिथं गप्प बसतेस, आणि गप्प बसायचं तिथं तुझं तोंड थांबत नाही.’

त्यांना बसमधलं काही माहीत नव्हतं, शैला. त्या कुंकवाबद्दलच बोलत होत्या. मला मात्र ते पेन आठवलं, ओठांची ती कड आठवली.  तू असतीस तर स्वयंपाकघरात येऊन माझी नक्कल करून दाखवली असतीस.

‘सरोजाला सांगितलंस?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘सांगूही नको. तिनं मनापासून लावलं. उद्या सकाळी सुलतान बाजारातून नवा करंडा आण तिच्यासाठी.’

‘आणि हे?’

त्यांनी झाकण लावलं. तीन वेढे, सावकाश. ‘रंगानं माखलेलं कुणाला देणार? तू ठेव. पण रिकामं ठेवू नको. पंचपाळं रिकामं ठेवत नाहीत.’ आणि लगेच, ‘पोळ्यांची कणीक भिजवलीस का?’

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आजही तेच आहे. सरोजाअक्का नवा करंडा डोळ्याला लावून घेऊन गेल्या.

आज भाऊजींबरोबर वॉर्ड ऑफिसात गेले होते, तुझ्या दाखल्यासाठी. टोकन घेतलं, आमच्या पुढे बावीस माणसं. पंखा एकच, तोही लांब. भाऊजी मांडीवर तुझे कागद घेऊन बसले होते, दोन्ही हात त्यावर, कुणी ओढून नेईल अशा भीतीनं. तुझं आधार कार्ड, मी लिहून दिलेला अर्ज, लाल दोरीनं बांधलेली फाइल. मी नेहमीसारखं घड्याळ बघितलं, नेहमीसारखी धुमसायला सुरुवात केली. आणि मग पर्समधून बटवा काढला.

कुणी बघत नव्हतं तरी माझे कान तापले. बाटलीतलं पाणी तूच भरलेलं होतं, अर्धी बाटली. ते वापरावं की नाही यातच तीन नंबर पुढे गेले. शेवटी झाकणात दोन थेंब काढले. ऋचाच्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा होता, मागे तिच्या सासरचं अर्धं नाव. त्यावर मी भाऊजींचा उजवा हात काढायला घेतला.

हात काढणं अवघड असतं, मी मुलांना नेहमी सांगायची. मुठीएवढ्या कार्डावर तर उजेड कुठून येतोय हे बघायलाही फुरसत मिळत नाही. कावेत थोडा निळा घातला, पाचव्या वाटीत मिसळला. अंगठा आला. नखाची पांढरी कड कागदाचीच राहू दिली. तिथे कुठेतरी मी पंखा विसरले, पुढची माणसं विसरले. भाऊजींनी एकदा बघितलं. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी हात हलवले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसायला हात उचलावा लागला असता.

फाइलीच्या दोरीसाठी ब्रश लालाकडे गेला. तिथे दोन खळगे आहेत आता, एक सरोजाअक्कांच्या बोटाचा आणि एक सासूबाईंच्या. मी ब्रश तिथेच टेकवला. दोरी आली. बारीक, वेडीवाकडी, पण आली. सांगायला लाज वाटते, तुझ्या मृत्यूच्या दाखल्यासाठी बसले होते, आणि त्या क्षणी मला आनंद झाला. चांगला, भरून आल्यासारखा आनंद. तुला रोज व्हायचा तो हाच असेल तर मी आठ वर्षं तुझ्या शेजारी बसून फार मोठं नुकसान करून घेतलं.

तीन बोटं झाली होती. चौथं सुरू करणार तोच खिडकीतल्या माणसानं आमचा नंबर पुकारला.

एक मिनिट, फक्त एक मिनिट हवं होतं. मी मान वर केली नाही. त्यानं पुन्हा पुकारला. भाऊजी उठेनात, ते माझ्यासाठी थांबले होते. मग मी ब्रश चिंधीला पुसला, झाकण लावलं आणि उठले. खिडकीत तुझं नाव सांगितलं. त्यानं लिहून घेतलं.

घरी आल्यावर ते कार्ड मी दोनदा हातात घेतलं. करंगळीचा अंदाज मला आहे, ती कुठून निघायला हवी ते डोळे मिटून दाखवीन. दुसऱ्या खेपेला पेनही उघडलं होतं. मग टोपण लावलं.

तुझं कार्ड सापडत नाही. बटव्यात जिथे ते असायला हवं होतं तिथे हे ठेवलं आहे. चुकले गं शैला. दोन बोटं राहिली आहेत, आणि मी त्यांना हात लावणार नाही.